शब्द ज्याचा त्यानेच काढायचा

थांबाबाई हे नाव त्यांना मुलांनी ठेवलं आणि अगदी बरोब्बर ठेवलं. प्रश्न विचारला की ज्याला विचारला तो छताकडे बघायला लागतो, आणि ज्यांना विचारलेलाच नाही ती सगळी “बाई मी, बाई मी” करत बाकावर उड्या मारतात. कुठल्याही वर्गात हेच होतं. मी उड्या मारणाऱ्यांतल्या एखाद्याकडून उत्तर वदवून घेते आणि पुढे सरकते, कारण पुस्तक संपवायचं असतं. बाई त्या उड्या मारणाऱ्यांसमोर तळहात धरायच्या आणि म्हणायच्या, “थांबा.” मग खरोखरच थांबायच्या. तो छताकडे बघणारा पोरगा छताला कंटाळून जमिनीकडे बघायचा, शेंबूड वर ओढायचा, आणि शेवटी काहीतरी बोलायचा. बरेचदा चूकच बोलायचा. पण बोलायचा.

हे मला माहीत, कारण त्यांची तिसरी आणि माझी चौथी यांच्यामध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. खोल्या कमी पडल्या तेव्हा एका हॉलचे दोन वर्ग केले, तेही ‘तात्पुरते’. त्या तात्पुरत्याला आता बुरशी आली आहे. शेजारच्या वर्गातल्या गोंगाटाने माणूस वैतागतो, मला मात्र त्यांच्या बाजूच्या शांततेने घाबरायला व्हायचं. सुरुवातीला तर वाटायचं, बाई चक्कर येऊन पडल्या की काय. मी दारातून डोकावून यायचे. बाई टेबलाला टेकून उभ्या, चष्मा दोरीला लोंबकळतोय, आणि अख्खा वर्ग कुणा एकाच्या तोंडाकडे बघतोय.

“हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलात?” मी एकदा विचारलं.

“कसलं ट्रेनिंग!” त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. “नोकरीच्या पहिल्या वर्षी घसा बसला. आवाजच फुटेना. प्रश्न फळ्यावर लिहायचे आणि गप्प उभी राहायचे. तर ही कार्टी बोलायला लागली. मग घसा सुटला तरी मी सवय सोडली नाही.”

घरी मात्र त्यांची मात्रा चालत नसे. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. वर्तमानपत्रसुद्धा लाल पेन घेऊन वाचायचे आणि बायकोचं वाक्य संपायच्या आत दुरुस्त करायचे. “वर्गभर पोरांना गप्प करते गं मी, पण एका नवऱ्यापुढे हात टेकले,” असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. जावई कुठल्याशा कंपनीत संगणकाची कामं करणारे. असा साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला संसार. त्यांच्याबद्दल लिहावं असं काही घडलंच नसतं, शिंपीणबाईंची मुलगी त्यांच्या वर्गात आली नसती तर.

शिंपीणबाईंचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत. निम्म्या शाळेचे गणवेश त्यांच्याच मशीनवरून येतात. त्यांची ही एकुलती एक मुलगी पहिली-दुसरी अशी पार पाडून आली होती की तिचा आवाज कुणाला माहीत नव्हता. हजेरीला ती हात वर करायची, बास. मुकी नव्हती. अडखळायची. पहिलं अक्षरच अडकून बसायचं. नळाला पाणी येण्याआधी नुसती हवा फुसफुसते ना, तसं व्हायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी दयाळू माणूस तिचा शब्द पूर्ण करून टाकायचा. घरी आई, वर्गात शेजारीण, खेळाच्या तासाला सर. सगळे इतके मदतीला तत्पर, की त्या पोरीवर स्वतःचं एक वाक्य शेवटपर्यंत म्हणायची वेळच आली नव्हती.

बाईंनी पहिल्याच आठवड्यात वर्गात नियम केला. शब्द ज्याचा त्यानेच काढायचा. दुसऱ्याने आयता पुरवायचा नाही, हसायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. सगळ्यात जड गेलं ते तिच्या शेजारणीला. ही पोस्टमनची मुलगी. शाळेत तिला बडबडी म्हणतात, आणि तिलाही त्याचा अभिमान आहे. मैत्रिणीचा शब्द अडकला की बडबडीच्या तोंडात तो आपोआप तयार व्हायचा. बिचारी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसायची, डोळे बाहेर यायचे, पण नियम पाळायची.

सहामाहीच्या सुमाराला एका दुपारी पार्टिशनच्या पलीकडून मला एक नवाच आवाज ऐकू आला. बारीक, जरासा घोगरा. एका माळ्याच्या शेळीचा धडा होता. ‘माळ्याने’ या शब्दाला इतका वेळ लागला की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा लिहिता लिहिता थांबली. मग ‘शेळीला’. मग ‘हाक’. तास संपत आला तेव्हा परिच्छेद संपला. बाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “बस. पुढचा परिच्छेद कोण वाचतंय?” मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं तर त्या नळावर तोंड धूत होत्या. बराच वेळ धूत होत्या. “वर्षाच्या शेवटी ती वाचायला आपणहून हात वर करेल बघ,” म्हणाल्या. “तेवढं एक झालं ना, की मी सुटले.”

आणि मग खोकी आली.

प्रत्येक मुलाला एक टॅब. त्यांच्याबरोबर एक तरुण प्रशिक्षक आला, गुळगुळीत दाढी केलेला, गोड बोलणारा. “मॅडम, आता तुम्ही शिकवायचं नाही,” तो म्हणाला, “तुम्ही फक्त मुलांच्या प्रवासात सोबत करायची.” मला वाटलं विचारावं, तिकीट कोण काढणार. पण हेडसर समोर होते. हेडसर वाईट माणूस नाही हो. पटसंख्या घसरत चालली होती, आमची शाळा मोडून मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत जोडायची फाइल वर कुठेतरी फिरत होती. ते टॅब त्यांना बुडत्याला काडीचा आधार वाटले. मीही त्यांच्या जागी असते तर ती काडी पकडलीच असती.

टॅबबरोबर ध्येयं आली. दर सोमवारी पहिला तास ध्येयांचा. प्रत्येक मुलाने आठवड्याचं ध्येय ठरवायचं, टॅबमध्ये भरायचं, शनिवारी ते पुरं झालं की नावापुढे हिरवा ठिपका, अर्धवट राहिलं तर पिवळा, नाहीतर लाल. पहिल्या सोमवारी तर धमालच. बाईंच्या वर्गात एकाने सांगितलं, “मी या आठवड्यात बहिणीला चावणार नाही.” दुसरा म्हणाला, “मी सोमवार सोडून रोज शाळेत येईन.” बाईंना ही दोन्ही ध्येयं फार आवडली. पण टॅबमध्ये ती मावेनात. तिथे तयार यादीतूनच निवडायचं होतं. मिनिटाला अमुक शब्द, आठवड्याला अमुक धडे.

शिक्षकांनाही ध्येय लिहून द्यायचं होतं. बाईंनी लिहिलं, ‘प्रत्येक मुलासाठी पुरेसं थांबणे.’ हेडसरांनी कागद परत केला.

“बाई, हे मोजता येत नाही.”

“मुलं मोजतात की, सर. त्यांना बरोबर कळतं कोण थांबलं आणि कोण नाही.”

“अहो, ते ठीक आहे. पण वर काय पाठवू? थांबण्याचे टक्के?” हेडसर काकुळतीला आले होते. बाईंना त्यांची दया आली. त्यांनी लिहून दिलं, ‘नव्वद टक्के विद्यार्थी हिरवे करणे.’ बाहेर येऊन मला म्हणाल्या, “विद्यार्थी हिरवे करणे! पालेभाजी आहे का?”

पण त्यांच्यातला प्रामाणिकपणा मी सांगितलाच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारीला नवं काही नको होतं. तसं नव्हतं. गणिताला घाबरून पोटदुखीचं सोंग करणारा एक मुलगा टॅबवर तासनतास बेरजा करायला लागला. बाईंनी मला बोलावून दाखवला. “मला हे तीन वर्षांत जमलं नसतं,” म्हणाल्या. रात्री झोप लागत नाही, असंही म्हणाल्या. “कळत नाही गं. हे माझं म्हातारपण बोलतंय की मास्तरकी बोलतेय?” मी म्हटलं, “नव्याचे नऊ दिवस, बाई. डोक्याला ताप करून घेऊ नका.” मला कुठे माहीत होतं, नऊ दिवसांत काय काय होतं ते.

वाचनाचा धडा असा होता. मुलाने कानांवर ते मोठे हेडफोन चढवायचे आणि पडद्यावरचा उतारा मोठ्याने वाचायचा. टॅब ऐकतो, रेकॉर्डही करतो. वाचणारा थांबला तर टॅब तीन सेकंद वाट बघतो. मग एक गोड बाईचा आवाज म्हणतो, “पुन्हा प्रयत्न करूया!” आणि उतारा पहिल्या शब्दापासून सुरू.

शिंपीणबाईंच्या मुलीला पहिल्या शब्दालाच तीन सेकंदांहून जास्त लागायचे. ती ओठ जुळवायची, मान ताणायची, शब्द जवळ आला म्हणता म्हणता, “पुन्हा प्रयत्न करूया!” तास संपेपर्यंत ती पहिल्या शब्दाच्या दारातच उभी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा गोड आवाजात देता येतो, हे मला तेव्हा कळलं. मैदानात पोरांनी ते लगेच उचललं. ती दिसली की चारी बाजूंनी “पुन्हा प्रयत्न करूया!” बाईंनी एकदोघांचे कान पिळले. पण कान किती जणांचे पिळणार? मूळ आवाज तर टॅबमध्ये बसला होता.

बाईंनी जावयांना फोन लावला. तो संवाद मला त्यांनी स्टाफरूममध्ये साभिनय करून दाखवला होता. जावईबापूंशी बोलायचं म्हणजे त्या फोनवरसुद्धा पदर सारखा करायच्या.

“तुम्ही असल्याच गोष्टी करता ना हो ऑफिसात? ते तीन सेकंद वाढवता येतील का?”

“येतात ना, आई. ते सेटिंग असतं. कुणीतरी तीन टाकलेत.”

“कुणी?”

“असेल कुणीतरी टीममध्ये. सरासरी काढून टाकलं असेल.”

“मग त्यांना सांगा ना, आमच्याकडे एक मुलगी आहे म्हणून.”

जावई जरा हसले. वाईट हसले नाहीत. “आई, एका मुलीसाठी नाही बदलत ते.” फोन ठेवून बाई यजमानांना म्हणाल्या, सरासरी काढून टाकलंय. यजमान म्हणाले, “‘सरासरीने ठरवलंय’ असं म्हण. ‘काढून टाकलंय’चा अर्थ वेगळा होतो.” बाई मला म्हणाल्या, “पहिल्यांदा वाटलं, ह्यांची दुरुस्ती चुकली. काढूनच टाकलंय.”

शिंपीणबाईंच्या मुलीपुढे लाल ठिपक्यांची रांग लागली. तिसरीत एवढी लाल दुसरी कुणीच नव्हती. बाई टॅबचा तास लवकर आटपून तिला पुस्तक घेऊन जवळ बसवू लागल्या, पण टॅबचा तास लवकर आटपला तर तेही टॅबला कळायचं आणि हेडसरांना निरोप जायचा. मधल्या सुट्टीत बसवलं तर पोरगी खिडकीबाहेर बघत राहायची. माळ्याची शेळी वाचणारी ती मुलगी कुठे गेली कुणास ठाऊक.

आणि मग एका शनिवारी तिच्यापुढे पिवळा ठिपका आला. पुढच्या शनिवारी हिरवा. त्याच्या पुढच्याही हिरवा. हेडसर स्वतः वर्गात येऊन तिच्या पाठीवर थाप मारून गेले. मी पार्टिशनला कान लावून बसत नाही, पण आवाज तर येतातच. मला काही तो बारीक घोगरा आवाज ऐकू आला नव्हता. ऐकू येत होती ती बडबडी. नेहमीपेक्षा दुप्पट.

बाईंनी ते माझ्याआधी ताडलं होतं. मागच्या बाकावर दोघी डोक्याला डोकं लावून बसलेल्या. शिंपीणबाईंच्या मुलीने आपला टॅब बडबडीच्या तोंडासमोर धरलेला, आणि बडबडी आपलं झाल्यावर तिचंही वाचतेय. नियम पाळून पाळून तुंबलेले सगळे शब्द तिने जणू मोकळे सोडले होते. बाई पुढे गेल्या आणि मधेच थांबल्या. कारण शिंपीणबाईंची मुलगी हसत होती. आवाज न करता, खांदे हलवून. किती दिवसांनी.

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“मागे फिरले.”

“बाई! अहो, नियम तुमचा. शब्द ज्याचा त्यानेच…”

“माहितीये गं मला माझा नियम.” इतक्या तुटक त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, “पोरीने पोरीला मदत केली. ते कुणाला जाऊन सांगू? त्या डब्याला?”

मला रागच आला होता. बाईंचा नाही. तीस वर्षं शिकवत आलेल्या माझ्या शहाण्या बाईला असं चोरपावलांनी मागे फिरायला लावणाऱ्या त्या सगळ्या प्रकाराचा. थोड्या दिवसांत बाईंनाही कळलं की ही मदत महागात पडतेय. त्यांनी मुलीला माळ्याची शेळी पुन्हा काढायला सांगितली, तर मुलीने मान हलवली आणि टॅबवरचा ठिपका दाखवला. हिरवा. म्हणजे झालं की माझं. आता कशाला बोलायचं? तिला बोलायची गरजच उरली नव्हती. दोघींचे बाक वेगळे करायचे असं बाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं, सोमवारपासून.

सोमवारी सकाळी हेडसर पेढा मिळाल्यासारखे तोंड करून वर्गात आले. वर्षाचा ‘ध्येयपूर्ती सोहळा’ होणार होता. टॅबच्या कंपनीचे साहेब येणार, शिक्षणखात्याच्या बाई येणार, पालकही बोलावलेले. आणि ‘सर्वाधिक प्रगती’चं बक्षीस कुणाला, ते टॅबनेच निवडलं होतं. लालातून हिरव्यात गेलेलं शाळेत एकच नाव होतं.

बाई त्यांच्या मागोमाग ऑफिसात गेल्या. मीही गेले, त्यांना एकटीला सोडवेना म्हणून. बाई म्हणाल्या, “सर, तिला उभं करू नका. ती अडखळते. गर्दीत तिचं तोंडच उघडणार नाही.”

“पण हिरवी आहे ना ती?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगावं तर बडबडी ‘फसवणूक’ या सदरात जाणार, दोघींचे ठिपके पुसणार, पालकांना बोलावणार. न सांगावं तर पोरगी स्टेजवर. शेवटी म्हणाल्या, “ते वाचन तिचं एकटीचं नाही, सर.”

हेडसर पुष्कळ वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसले. त्यांना कळलं होतं. “नाव वर गेलंय, बाई,” ते हळूच म्हणाले. “आता बदललं तर साहेब म्हणतील, मग बाकीचे हिरवेही असेच का? शाळा जाईल हो. मी शब्द देतो, तिला वाचायला लावणार नाही. नुसतं येईल, बक्षीस घेईल, खाली जाईल.” बाईंनी तो शब्द घेतला. दुसरं काय घेणार होत्या?

सोहळ्याला स्टेजचा मोठा हॉल भरला होता. शिंपीणबाई पुढून दुसऱ्या रांगेत, मुलीला नवा, कडक इस्त्रीचा गणवेश घालून आलेल्या. हेडसरांनी शब्द पाळला. बक्षीस दिलं आणि मुलीला खाली जायची खूण केली. पण साहेबांना हौस. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक तिच्यासमोर धरला. “अरे, नुसतं कसं? आमच्या चॅम्पियनचा आवाज तर ऐकूया!” मागच्या मोठ्या पडद्यावर उतारा आला.

ती उभी राहिली. ओठ जुळवले. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. बाई विंगेतून पुढे आल्या, अगदी स्टेजच्या कडेला, आणि त्यांनी लोकांसमोर तळहात धरला. “थांबा,” म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या. आणि लोक थांबलेही हो, थोडा वेळ. मी मुलीच्या तोंडाकडे बघत होते. मान ताणलेली, ओठ मिटलेले, ‘म’ तयार झालेला. बाई मला नंतर शंभरदा म्हणाल्या, “आला होता गं. ओठावर आला होता.” आला होता, मीही सांगते. माइकमधून एक बारीकसं “म्” आलंसुद्धा.

“घाबरली बिचारी,” साहेब प्रेमाने म्हणाले. खरंच प्रेमाने, त्यातच तर सगळं आलं. त्यांनी कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाला बोट दाखवलं. “तिचं रेकॉर्डिंग आहे ना? लावा.”

लाउडस्पीकरमधून बडबडी वाचायला लागली. खणखणीत, न अडखळता, स्वल्पविरामालासुद्धा न थांबता. हॉलभर टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंपीणबाईंची मुलगी तोंड अर्धं उघडं ठेवून उभी होती, आणि तिच्या नावाने ते वाचन चाललं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, तीच वाचतेय. मुलांच्या रांगेत बडबडी आधी हसली, मग तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आणि मग ती मोठ्याने रडायला लागली. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा मुलीने तोंड मिटलं. साहेबांनी सांगितलं म्हणून वाकून नमस्कार केला.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. आठवडाभर आली नाही तेव्हा बाई आणि मी तिच्या घरी गेलो. घर म्हणजे दुकानच. पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागे संसार. मुलगी जमिनीवर बसून शर्टांना बटणं लावत होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या, गुडघे दुखतात तरी. “शाळेत येतेस ना गं?” म्हणाल्या.

आणि थांबल्या. मी त्यांना इतकी वर्षं थांबताना बघितलं आहे, पण असं नाही. मशीन बंद. शिंपीणबाई कात्री हातात धरून उभ्या. मुलीने एक बटण लावलं, दुसरं लावलं. ओठ जुळवले नाहीत, मान ताणली नाही. प्रयत्नच केला नाही. दोरा दाताने तोडला आणि उठून पडद्यामागे गेली.

बाई उठता उठेनात. मी हात दिला. त्या शिंपीणबाईंना म्हणाल्या, “माझी चूक झाली. तो आवाज तिचा नव्हता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुम्हाला सांगायला हवं होतं.”

शिंपीणबाईंनी कात्री खाली ठेवली. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी आई आहे तिची, बाई,” त्या म्हणाल्या. “मला कळणार नाही का? पहिल्याच शब्दाला कळलं. माझी पोरगी असं बोलतच नाही. पण सगळे टाळ्या वाजवत होते, साहेब कौतुक करत होते, शेजारची बाई मला म्हणाली, नशीबवान आहात. मग मीपण वाजवल्या. जोरजोरात वाजवल्या.” त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “आणि ती तिथून दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडेच बघत होती.”